कुंदादीदीचा सा

माझ्या टेबलाच्या खणातले खडू एप्रिल लागला की नाहीसे व्हायला लागायचे. चोर कोण हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. शेजारच्या खुर्चीवर, मांडीवर व्हायोलिन आडवं घेऊन ती माझ्या डोळ्यांदेखत खुंटीवर खडूचा तुकडा घासत असायची. मी रागानं पाहिलं की म्हणायची, "पाहू नको अशी. तुह्या नद्या पुसल्या त पुन्हा काढता येतात. माह्या तारा उतरल्या त लेकरं बेसूर होतात."

रायपूरचा उन्हाळा कोरडा. हवा वाळली की व्हायोलिनच्या लाकडी खुंट्या आक्रसतात, आपल्या भोकात सैल होतात, आणि चढवलेली तार गुपचूप उतरते. खडू लावला म्हणजे खुंटी धरून राहते. पावसाळ्यात याच्या उलट. खुंट्या फुगतात आणि हलता हलत नाहीत, तेव्हा त्यांना कोरडा साबण घासावा लागतो. म्हणून कुंदा मेश्राम या बाईच्या पर्समध्ये उन्हाळ्यात खडू असे आणि पावसाळ्यात साबण. कंगवा मात्र कुठल्याच ऋतूत नसे, आणि ते तिच्याकडे पाहून लगेच कळायचं.

ती आमच्या शाळेत संगीत शिकवायची, मी भूगोल. दोघींचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेले आणि इथलेच होऊन गेलेले. मुलं तिला दीदी म्हणत. मग मुलांचे पालक म्हणू लागले, मग शिपाई, आणि शेवटी ज्यांना शाळेत कुणीच आवडत नसे ते प्राचार्यसुद्धा. साठीला आली तरी ती दीदीच होती. कुंदा म्हणणारी मी एकटीच उरले होते.

दिसायला ती काही विशेष नव्हती. बुटकी, सावळी, सुती साडी नेहमी जरा वर नेसलेली. साडी वर का, तर व्हायोलिन ती आपल्याकडच्या पद्धतीनं खाली बसून वाजवायची, आणि त्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकायचं. वर्षानुवर्षं टेकून तिथं घट्टा पडला होता. लोक गळ्यातले दागिने दाखवतात तसा ती तो घट्टा नव्या मुलींना दाखवायची. मुली घाबरायच्या. मी म्हणायची, "अगं, अशानं कोण येईल शिकायला?" त्यावर तिचं एकच उत्तर असायचं, "ज्याले यायचं तो येते."

तिची खरी सवय मात्र थांबायची. चालता चालता ती मध्येच उभी राहायची. मधल्या सुट्टीत पोरांच्या लोंढ्यात, रस्ता ओलांडताना, भाजीवाल्यासमोर हातात दोडकं धरून. मान किंचित डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले. ती ऐकत असायची. काय ऐकतेस असं विचारलं तर सांगायची नाही, कारण सांगायला लागलं की ऐकणं बंद पडतं असं तिचं मत होतं. दुपारच्या तासाला गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर चालू व्हायची, वरचा पंखा आपल्या चालीनं फिरत असायचा, खिडकीबाहेर कडुलिंबाखाली कुणीतरी वाळलेली पानं झाडत असायचं. मला ती दुपार म्हणजे निव्वळ झोप वाटे. कुंदा त्या दुपारीत पाण्यात बसावं तशी बसून राहायची, आणि तास संपल्याची घंटा झाली की तिच्या चेहऱ्यावर कुणीतरी दार वाजवल्यासारखं दिसायचं.

ती गुढियारीत राहायची, रुळांच्या अगदी लागून असलेल्या एका गल्लीत. वडील मालगाडीवर गार्ड होते, त्यांचंच घर. लग्न तिनं केलं नाही. विचारणाऱ्यांना सांगायची की राहून गेलं. संध्याकाळी तिच्या ओसरीवर चहा घेत बसलं की पलीकडे मालगाडीचे डबे जोडायचं काम चाललेलं असे. इंजिन मागे रेटायचं, पहिला डबा दुसऱ्याला धडकायचा, दुसरा तिसऱ्याला, आणि तो धडाका आमच्या समोरून पळत दूर कुठंतरी जाऊन विरायचा. कुंदा लगेच तर्जनी वर करायची, म्हणजे आपण बोलायचं थांबायचं. आवाज पार संपला की बोट खाली यायचं आणि ती समाधानानं म्हणायची, "कळलं शेवटच्या डब्याले."

शिकवताना ती कधी 'चुकलं' म्हणत नसे. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात; बोट नेमकं कुठं ठेवायचं ते कानानंच शोधावं लागतं. मीनाक्षी साहू नावाची एक पोट्टी होती, गुढियारीचीच, तिचे वडील मालधक्क्यावर पोती उतरवायचे. तिचं बोट महिनोनमहिने जरा वरच पडायचं. एकदा ती तारांवर फिरवायचा गज तिथंच टाकून रडायला लागली. कुंदानं गज उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "रो काहे रही है? पड़ोस के घर में चली गई थी, बस। चाय पी के वापस आ जा।" मीनाक्षी नाक पुसत हसली आणि परत आली. तेव्हापासून आमच्या शाळेत बेसूर हा शब्दच गेला. कुणी शेजारी गेलं, कुणी दोन घरं पलीकडे गेलं, एक पोरगा तर दुसऱ्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, निघून गेला असं ती म्हणायची.

मग नवं राज्य झालं आणि आमचं गाव राजधानी झालं. काल-परवापर्यंत ज्या रस्त्यावर आम्ही सायकली आडव्या घालून गप्पा मारायचो तिथून लाल दिव्याच्या गाड्या जाऊ लागल्या. ज्याला त्याला आपल्या नावापुढं 'राज्यस्तरीय' लावायची घाई झाली. त्या लाटेत शाळांना वाद्यं मिळाली आणि विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचा महोत्सव दर वर्षी भरवायचं ठरलं. आमच्या शाळेत नवीकोरी व्हायोलिनं आली. कुंदानं एकेक हातात घेतलं, हुंगलं, पाठीवर टकटक केलं आणि म्हणाली, "कच्चं लाकूड आहे. पण लेकरं बी कच्चीच आहेत."

त्याच सुमाराला तिला दूर दक्षिणेकडच्या एका शहरात तंतुवाद्य शिक्षकांच्या परिषदेला पाठवायचं ठरलं. एकट्या बाईला एवढ्या लांब कसं पाठवायचं म्हणून प्राचार्यांनी सोबत मला पाठवलं. माझा आणि तंतुवाद्यांचा संबंध एवढाच की कपडे वाळत घालायची आमची तार कुंदानं एकदा नखानं वाजवून पाहिली होती. मला सूर कळत नाहीत. गाणं सुरू आहे की संपलं एवढं कळतं, आणि संपल्यावर बरं वाटतं.

परिषदेत पहिला सगळा दिवस एकाच वादात गेला. व्हायोलिन बसून शिकवावं की उभं राहून? बसणारे म्हणत की ही आपली परंपरा आहे. उभे राहणारे म्हणत की जग उभं राहून वाजवतं. एक गृहस्थ इतके तापले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, मागं बसलेल्यांना काही म्हणायचं आहे का, तर आमची बाई उठली. म्हणाली, "लेकरं एकमेकांचं ऐकायला कधी लागतात? आमची आपलंच ऐकतात." अध्यक्ष म्हणाले, फार चांगला प्रश्न आहे. मग जेवणाची सुट्टी झाली.

शेवटच्या संध्याकाळी तिथल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. केवढी तरी मुलं रंगमंचावर येऊन बसली. एका मुलीनं एक सूर धरला, लांब, साधा. मग एकेक जण आपली तार त्या सुराजवळ आणू लागला. कुणी खालून येत होतं, कुणी वरून. मला तो मधमाश्यांचा गोंगाट वाटत होता. कुंदानं माझं मनगट धरलं होतं आणि तिचे डोळे मिटलेले होते. हळूहळू गोंगाट विरघळला आणि एकच काहीतरी उरलं. मग सगळं थांबलं, लोक सावरून बसले, वाद्यवृंदाच्या संचालकानं हात उचलला आणि रचना सुरू झाली. त्याबरोबर कुंदा उठली आणि सरळ सभागृहाबाहेर चालू लागली. मी माणसांच्या पायांवर पाय देत तिच्यामागं बाहेर आले.

"काय झालं? बरं नाही का? काहून उठली?"

"झालं ना," ती म्हणाली. "तेच त ऐकायचं होतं."

बाहेर एक मोठं पिंपळाचं झाड होतं. त्याच्या पारावर आम्ही बसलो. ती म्हणाली, "सुमन, इतकी लेकरं होती, पण त्या टायमाले किती आहेत ते मोजता येत नव्हतं. मले आपल्या रायपुरात एकदा असं आयकायचं आहे. आपल्या शाळेचंच नाही, साऱ्या शाळांची लेकरं मिळून. एकदाच आयकलं तरी पुरे."

एवढंच तिला हवं होतं. आयुष्यभरात तिनं दुसरं काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

परत आल्यावर तिनं महोत्सवाच्या आयोजकांचं कार्यालय गाठलं. सोबत अर्थातच मी. त्या भेटी मला पाठ झाल्या आहेत, कारण दर वर्षी खुर्चीतला माणूस बदलायचा आणि संवाद तोच राहायचा. कुंदा खुर्चीच्या कडेवर बसून सांगायची की महोत्सवाच्या शेवटी सगळ्या शाळांच्या मुलांनी एकत्र बसावं आणि सा लावावा.

"अच्छा, समूहवादन. बढ़िया. कौन सा गीत?"

"गीत नहीं साहब. सिर्फ सा."

"हाँ, सा. और उसके बाद?"

"उसके बाद कुछ नहीं."

साहेब तिच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघायची. चहा यायचा आणि आम्ही परत यायचो. घरी जाताना मी चिडून म्हणायची, "अगं, सांग ना त्यांना की सा लावून मग एखादं गाणं वाजवू. खोटं का होईना, सांगून टाक." ती म्हणायची, "गाणं सांगितलं त ते गाण्याचीच वाट पाहतीन."

अखेर एका भल्या साहेबांनी, बहुतेक आमचा पिच्छा सुटावा म्हणून, होकार दिला. समारोपाला, बक्षीस वाटपाच्या आधी, थोडा वेळ. मात्र शेवटी एक गीत हवंच. कुंदा म्हणाली, हव, गीत पण वाजवू. बाहेर येऊन मात्र ती कार्यालयाच्या पायरीवरच बसली. मला वाटलं उन्हानं चक्कर आली, तर ती हसत होती.

त्या आनंदात तिनं मला रायपूरच्या कापडबाजारात, पंडरीला नेलं. सगळ्या व्हायोलिनांना एकसारखी खोळ शिवायची होती. पंडरीच्या ठोक बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांतून वाट काढत आम्ही एका ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं जाड निळं कापड मोजलं, कात्रीनं कडेला जरासा छेद दिला आणि दोन हातांनी टर्रकन फाडलं. कुंदा थांबली. मान डावीकडे गेली. म्हणाली, "भैया, एक बार और." त्यानं दुसरं फाडलं. तिनं पॉपलीन फाडायला लावलं, मग खादी, मग मांजरपाट. दुकानदार सज्जन होता, पण शेवटी म्हणालाच, "दीदी, कपड़ा लेना है कि सुनना है?" कुंदा गोरीमोरी झाली आणि हवं त्याच्या दुप्पट कापड घेऊन आली. उरलेल्या निळ्या कापडाच्या पिशव्या आमच्या घरी अजून आहेत.

आता अडचण होती सा कोणता, ही. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हे सांगायला नको, पण माझ्यासारख्यांसाठी सांगते. आपल्याकडे सा एकाच जागी ठरलेला नसतो. ज्याला जो सोयीचा तो त्याचा सा. प्रत्येक शाळेत संगीताच्या शिक्षकाची आपली एक पेटी, पेटीवरची आपली एक पट्टी, आणि मुलांची व्हायोलिनं त्या पट्टीत मिळवलेली. दुर्गचा सा निराळा, धमतरीचा निराळा, बिलासपूरचा तर फारच निराळा. कुंदाला हे चांगलं माहीत होतं. म्हणून तिनं एक युक्ती काढली. माझ्या टेपरेकॉर्डरवर आपला तानपुरा ध्वनिमुद्रित केला, नुसता सा आणि पंचम, कॅसेट भरून. स्टेशनजवळच्या दुकानात तिच्या प्रती काढल्या आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक शाळेला एकेक पाठवली. सोबत निरोप दिला की रोज ही लावा, हिच्यातच मिळवा, दुसरं काही ऐकू नका.

सगळ्यांनी तसंच केलं. संगीत शिक्षक ही जात हट्टी असते, पण कुंदादीदीला नाही म्हणणं कुणाला जमायचं नाही. महिनाभर सगळीकडची मुलं त्या कॅसेटसमोर बसली.

समारोपाच्या दुपारी मुलं रंगमंचावर आली. खाली बसणारी पुढं सतरंजीवर, उभी राहणारी मागं. खोळी काढून बाजूला ठेवल्या. पुढच्या रांगेत मीनाक्षी होती, आता चांगली उंच झालेली. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे. मी पडद्याआड विंगेत उभी होते, आणि मला सूर कळत नसूनही माझा जीव टांगणीला लागला होता. कुंदानं हात जोडले आणि म्हणाली, "सा."

जे उमटलं ते ऐकून माझ्यासारखीलाही कळलं की काहीतरी बिनसलंय. ओरडणं नव्हतं ते. सगळे जवळजवळ बरोबर होते, आणि तेच भयंकर होतं. कॅसेट एक होती, पण ती वाजवणारी यंत्रं निराळी. कुणाचं नवं, कुणाचं घरघरणारं, कुणाच्या शाळेत वीज टिकत नाही म्हणून मावळत्या सेलवर चाललेलं. कुठं कॅसेट जरा जोरात धावली, कुठं रेंगाळली, आणि तेवढ्यानं प्रत्येक ठिकाणचा सा किंचित सरकला. मी मुलांना शिकवायची की ऊन एकच असतं, पण डोक्यावर प्रत्येक गावात वेगळ्या क्षणी येतं. तसं झालं होतं. आपापल्या गावात प्रत्येक लेकरू नेमकं खरं होतं.

सभागृहात खसखस पिकली. कुंदा गोंधळली नाही. तिनं मान डावीकडे केली, डोळे मिटले, आणि क्षणभरानं मीनाक्षीजवळ जाऊन बसली. तिचा सा धरायला लावला. मग शेजारच्या मुलाकडे वळली, त्याची खुंटी जराशी फिरवली, कान लावला, पुढं सरकली. एकेका लेकरापाशी गुडघ्यावर बसत ती रांगेतून जात होती. निवेदक म्हणाला की तांत्रिक कारणानं थोडा विलंब होत आहे. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. आयोजकांपैकी एक जण विंगेतून कुजबुजला, "मैडम, गीत शुरू कराइए."

"बस, मिल रहा है," ती मान वर न करता म्हणाली.

पुढची रांग मिळाली. दुसरीही मिळाली. मी पाहत होते, मिळालेल्या मुलांचे चेहरे बदलत होते. ती एकमेकांकडे बघायला लागली होती. तेवढ्यात पाहुणे उठले, त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. त्यांच्यामागं पहिली रांग उठली. कुणीतरी दोरी ओढली आणि पडदा पडला. स्पीकरवर सनईची कॅसेट सुरू झाली, आणि आपापल्या गाड्या गाठायच्या म्हणून शिक्षक मुलांना हाताला धरून उठवू लागले. मागच्या रांगेतल्या एका उभ्या मुलीच्या व्हायोलिनला कान लावून कुंदा अजून खुंटी फिरवत होती. त्या मुलीलाही नेलं. मग कुंदा जागेवरच उभी राहिली, हातात काही नाही.

परत येताना रिक्षात मी रडले, रागानं. पाहुण्यांना, आयोजकांना, दोरी ओढणाऱ्याला, सेल बनवणाऱ्यांना, सगळ्यांना शिव्या दिल्या. कुंदा बाहेर बघत होती. तिनं पदरानं माझे डोळे पुसले, मुलीचे पुसावेत तसे, आणि म्हणाली, "मधल्या डब्यापर्यंत पोचलं होतं, सुमन. तू आयकलं ना?"

मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी महोत्सवाचा नवा नियम निघाला की प्रत्येक चमूनं वाद्यं आधीच सुरात मिळवून यावं, मंचावर वेळ मिळणार नाही. समारोपाचं ते मिळून वाजवणं रद्दच झालं. कुंदा दर वर्षी नव्या साहेबांकडे जात राहिली, आणि मी सोबत. और उसके बाद? उसके बाद कुछ नहीं. हळूहळू कीबोर्ड आले. बटण दाबलं की सूर तयार. त्याला खडू लागत नाही की साबण. मुलं तिकडं वळली. आम्ही दोघी पाठोपाठ निवृत्त झालो. गुढियारीच्या ओसरीवर मात्र मीनाक्षीसारखी काही टिकून शिकत राहिली. पुढं त्यातल्या बऱ्याच जणी आणि दोन-चार पोट्टे ठिकठिकाणच्या शाळांत व्हायोलिनचे शिक्षक झाले. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. ज्यांना यायचं ते आले होते, एवढंच.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आपल्याच राज्यातल्या तंतुवाद्य शिक्षकांची परिषद नव्या रायपूरला, म्हणजे शहराबाहेर नव्यानं वसवत असलेल्या राजधानीत भरली. तिथं कुंदाचा सत्कार होता. भंडाऱ्याला बहिणीकडे कायमचं जायचं तिचं ठरलं होतं, सामान बांधून झालं होतं. त्यामुळे मीही गेले. सभागृह नवंकोरं आणि थंडगार. शाल आणि नारळ देऊन झाल्यावर तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली, वातानुकूलन यंत्राची गुणगुण ऐकत राहिली, आणि मग "ऐका" एवढंच म्हणून खाली उतरली. लोकांना वाटलं बाईंना भरून आलं.

संध्याकाळी सगळ्यांना रायपूरला परत न्यायला बस येणार होती. ती आली नाही. नवं रायपूर ज्यांनी पाहिलं असेल त्यांना तो रस्ता डोळ्यांसमोर येईल. नजर पोचेपर्यंत सरळ, गुळगुळीत, एवढा रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि त्यावर कुणी नाही. मध्येच एखादी मोटार यायची आणि आवाज मागं ठेवून जायची. आम्ही पत्र्याच्या थांब्यात बसलो. दूर मंत्रालयाच्या काचांवर ऊन उतरत होतं, दुभाजकावरच्या गवतात दोन गाई रवंथ करत बसल्या होत्या. कुणाला कसली घाई राहिली नव्हती. हे शहर अजून कुणाच्या तरी मनात आहे, बांधून झालेलं नाही, असं मला तिथं बसल्या बसल्या वाटत होतं.

परिषदेला शिक्षिका म्हणून आलेल्या मीनाक्षीनं सहज खोळ उघडली. आतल्या गारठ्यातून बाहेरच्या उष्ण हवेत आल्यावर तारा हललेल्या असणार म्हणून. तिनं एक तार छेडली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "दीदी, सा दीजिए ना."

कुंदा बाकाच्या टोकाला बसली होती. तिनं तोंड मिटूनच सा धरला, अगदी हळू, म्हातारा झालेला आवाज. मीनाक्षीनं त्यात तार मिळवली. तिचं पाहून धमतरीच्या शिक्षिकेनं आपलं व्हायोलिन काढलं, मग दुर्गच्या दोघांनी, मग बाकीच्यांनी. कुणी फुटपाथवर मांडी घालून बसलं, कुणी उभं राहिलं. पहिल्यांदा तोच मधमाश्यांचा गोंगाट झाला. मी सवयीनं रस्त्याकडे पाहिलं. बस येत नव्हती. निवेदक नव्हता, पाहुणे नव्हते, ओढायला दोरी नव्हती. या राजधानीत इतक्या वर्षांत कुंदाला कुणी दिला नाही तो वेळ तिथं रस्ताभर पसरला होता.

कुणी खालून येत होतं, कुणी वरून. कुंदानं तर्जनी वर केली होती, ओसरीवर करायची तशी. माझा हात थांब्याच्या पत्र्यावर होता. एकाएकी तो पत्रा माझ्या तळव्याखाली गुणगुणू लागला. मी दचकून वर पाहिलं आणि वाजवणारे किती आहेत ते मोजायला गेले. मोजता येईना. डोळ्यांना ते सगळे दिसत होते, पण कानाला एकच काहीतरी ऐकू येत होतं, आणि ते कुणा एकाचं नव्हतं. मला सूर कळत नाहीत. त्या संध्याकाळी मात्र कळला, आणि मी पुन्हा रडले, या वेळी कुणावर न रागावता.

कुंदाचं बोट खाली आलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. मीनाक्षीनं गज न थांबवता विचारलं, "दीदी, इसके बाद क्या बजाएँ?"

कुंदा उठली. साडी झटकली, आपलं व्हायोलिन खांद्याला अडकवलं. मीनाक्षीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"इसके बाद कुछ नहीं, बेटा," ती म्हणाली आणि थांब्याबाहेर पडून त्या रुंद रस्त्याच्या कडेनं चालू लागली.

दोन दिवसांनी ती भंडाऱ्याला गेली आणि पुढच्या हिवाळ्यात तिथंच वारली. मी तिला शेवटचं नीट पाहिलं ते त्या संध्याकाळी. उन्हात लांब पडलेली सावली, वर नेसलेली साडी, पाठीवर पंडरीच्या निळ्या कापडाची खोळ. तिनं मागं वळून पाहिलं नाही, मध्ये कुठं थांबलीही नाही. मागं सा अजून सुरूच होता, कारण आधी गज कुणी उचलायचा हे कुणालाच कळत नव्हतं. तिची शाल आणि नारळ बाकावर राहिले होते. ते उचलून घेऊन मी तिच्यामागं निघाले.